गेनला हात लावण्याआधी

सोनोग्राफीच्या पडद्यावर चित्र अंधूक दिसलं की शिकाऊ डॉक्टरचा हात पहिल्यांदा गेनच्या नॉबवर जातो. चित्र उजळतं, समाधान वाटतं आणि तपासणी पुढे सरकते. पण गेन वाढवल्याने शरीरात एकही नवी ध्वनिलहर जात नाही. परत आलेला प्रतिध्वनी तेवढा मोठा होतो आणि त्याच्यासोबत यंत्राची स्वतःची खरखरही. रेडिओवर लांबचं स्टेशन नीट लागलेलं नसताना आवाज वाढवला तर जे होतं, तेच इथे होतं. म्हणून माझा आग्रह असा आहे: आधी चांगला सिग्नल मिळवा, मग तो खोलीनुसार सारखा करा, आणि गेन शेवटी ठेवा.

आग्रहाला कारण आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रोब सोनोग्राफर फिरवतो आणि त्याने टिपलेली चित्रं पाहून रेडिओलॉजिस्ट अहवाल देतो. आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्याच्या चौकटीत पात्रताधारक, नोंदणीकृत डॉक्टरच प्रोब धरतो आणि अहवालावर सहीही बहुधा त्याचीच असते. लिव्हर पांढुरकं दिसलं ते चरबीमुळे, की आपणच वर सरकवलेल्या स्लायडरमुळे, हे विचारणारा दुसरा माणूस त्या खोलीत नसतो. तो प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्यावी लागते.

सुरुवात यंत्राबाहेरूनच करा. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल किंवा खिडकीतून ऊन पडद्यावर येत असेल, तर डोळ्यांना चित्र काळपट वाटतं आणि नकळत गेन चढतो. तीच चित्रं नंतर अंधाऱ्या रिपोर्टिंग रूममध्ये उघडली की पांढरीफटक दिसतात. खोलीत मंद दिवा असू द्या. पडद्याच्या कडेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पट्टी असते, तिच्यातली सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट पायरी दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. येत नसतील तर आधी मॉनिटरचा ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट दुरुस्त करा. मॉनिटर चुकीचा लावलेला असताना गेन सुधारायला जाणं म्हणजे चूक दुप्पट करणं.

मग पेशंट. हवा आणि शरीर यांच्या सीमेवर जवळजवळ सगळा ध्वनी, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक, परत फिरतो. त्वचेवर केस असतील, कातडी कोरडी असेल आणि जेल कंजूषपणे लावलं असेल, तर प्रोबच्या अर्ध्या रुंदीतूनच काम चाललेलं असतं. तो तोटा कुठल्याही नॉबने भरून निघत नाही. पित्ताशयासाठी सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगताना ‘चहासुद्धा नको’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. आपल्याकडे चहा हे खाणं मानलंच जात नाही, पण दुधाच्या चहाने पित्ताशय आकसतं आणि आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते. पेशंटला डाव्या कुशीवर वळवणं, खोल श्वास घेऊन थांबायला लावणं, बरगड्यांच्या मधून पाहणं, पोटावर हळूहळू दाब देऊन आतड्यातला वायू बाजूला सारणं, या चार गोष्टींनी जेवढं चित्र सुधारतं तेवढं यंत्रावरचा कोणताही एक नॉब सुधारत नाही.

आता यंत्राकडे वळू. योग्य प्रीसेट निवडला आहे ना, हे आधी पाहा. थायरॉइडच्या प्रीसेटवर पोट पाहत असाल तर पुढची सगळी मेहनत उताराविरुद्ध आहे. त्यानंतर फ्रीक्वेन्सी. ध्वनी मऊ ऊतींतून जाताना दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे सुमारे अर्धा डेसिबल इतका क्षीण होतो. हा आकडा लहान वाटतो, म्हणून एकदा हिशेब करून पाहा. साडेतीन मेगाहर्ट्झवर १० सेंटिमीटर खोलवर जाऊन परत येणं म्हणजे एकूण २० सेंटिमीटरचा प्रवास आणि ३५ डेसिबलचा तोटा. मूळ तीव्रतेचा साधारण ३००० वा भाग उरतो, आणि हे समोरच्या पृष्ठभागाने सगळा ध्वनी परतवला असं धरून. प्रत्यक्षात तो त्यातला अगदी थोडा परतवतो. तोच प्रवास ७ मेगाहर्ट्झवर केला तर तोटा ७० डेसिबलचा होतो, म्हणजे एक कोटीवा भाग शिल्लक राहतो. वाढीव फ्रीक्वेन्सीने बारकावे सुंदर दिसतात, कारण तरंगलांबी कमी होते. साडेतीन मेगाहर्ट्झला ती ०.४४ मिलिमीटर असते, तर १० मेगाहर्ट्झला ०.१५ मिलिमीटर. पण सिग्नल परतच आला नाही तर बारकावे कशाचे पाहणार? नियम साधा आहे: ज्या खोलीपर्यंत पाहायचं आहे तिथे पोचणारी सर्वांत जास्त फ्रीक्वेन्सी निवडा. जाड पेशंटच्या लिव्हरसाठी ती खाली आणा, आणि सडपातळ माणसाचं अपेंडिक्स शोधताना लिनिअर प्रोब उचलायला आळस करू नका.

डेप्थबद्दल थोडक्यात. जो अवयव पाहायचा आहे त्याने पडद्याचा बहुतेक भाग व्यापला पाहिजे. खाली पाच-सहा सेंटिमीटर निव्वळ अंधार असेल तर तुम्ही वेळ वाया घालवत आहात, आणि हे अक्षरशः खरं आहे. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सरासरी १५४० मीटर धरला जातो, त्यामुळे एक सेंटिमीटर आत जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद लागतात. १५ सेंटिमीटर खोलीच्या एका रेषेला १९५ मायक्रोसेकंद, आणि १२८ रेषांच्या एका चित्राला सुमारे २५ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला ४० चित्रं. याहून भराभर पाठवता येत नाही, कारण आधीच्या रेषेचे प्रतिध्वनी परत यायच्या आत पुढची रेषा सोडली तर यंत्राचा गोंधळ उडतो. प्रत्येक रेषा दोन फोकसवर घेतली तर या ४० ची २० होतात. धाप लागलेल्या पेशंटमध्ये किंवा हलणाऱ्या गर्भात हा फरक लगेच जाणवतो. काही यंत्रं एका वेळी अनेक रेषा वाचून यातून वाट काढतात, तरी खोली आणि वेग यांचा सौदा कायम असतो. फोकस शक्यतो एकच ठेवा आणि तो पाहायच्या जागेच्या पातळीवर किंवा किंचित खाली असू द्या. मोठं करून पाहायचं असेल तर फ्रीझ करण्याआधी झूम करा. फ्रीझनंतरचा झूम जुनेच ठिपके फुगवून दाखवतो.

आता टीजीसीकडे येऊ. पडद्याशेजारी किंवा कीबोर्डवर सहा-आठ स्लायडरची जी रांग असते ती. अनेक विभागांत ते स्लायडर वर्षानुवर्षं एकाच तिरक्या रेषेत उभे असतात, कारण कोणीतरी कधीतरी तसे लावले होते. प्रत्यक्षात हा पेशंटगणिक बदलण्याचा भाग आहे.

यंत्राला खोली कळते ती फक्त वेळेवरून. उशिरा आलेला प्रतिध्वनी खोलवरून आला असं ते मानतं आणि जितका उशीर तितकं जास्त प्रवर्धन देतं. वर काढलेल्या हिशेबातला तोटा असा भरला जातो. पण यंत्र सरासरी माणूस गृहीत धरतं. प्रत्येक अवयवातला, प्रत्येक पेशंटमधला तोटा वेगळा असतो, आणि तो फरक भरून काढण्यासाठी स्लायडर तुमच्या हातात दिलेले आहेत. आजच्या बहुतेक यंत्रांत मूळ चढती भरपाई आतच बसवलेली असते, म्हणून सुरुवात सगळे स्लायडर मधल्या रेषेवर आणून करा.

लिव्हरच्या उजव्या भागाचा असा एक छेद घ्या, की ज्यात त्वचेजवळून डायफ्रॅमपर्यंत शक्यतो एकसारखी ऊती दिसेल आणि मोठ्या रक्तवाहिन्या कमी असतील. आता डोळे वरून खाली फिरवा. कुठे आडवा पांढरा पट्टा दिसतो का? तिथला स्लायडर खाली घ्या. कुठे काळा पट्टा? तिथला वर करा. लगतच्या दोन स्लायडरमध्ये मोठी उडी ठेवू नका, नाहीतर पट्टा तुम्हीच निर्माण कराल. नंतर तो पट्टा एखाद्या जखमेसारखा किंवा गाठीच्या कडेसारखा दिसू शकतो. प्रोब जरा तिरका करा. पट्टा पडद्यावर त्याच खोलीवर राहिला आणि ऊती त्याच्याखालून सरकली, तर तो यंत्राचा आहे. ऊतीबरोबर सरकला तर शरीरातला आहे.

इथे एक धोका ओळखून ठेवा. टीजीसीचं काम सामान्य तोटा भरून काढण्याचं आहे, आजाराची खूण पुसण्याचं नव्हे. चरबीने भरलेलं लिव्हर ध्वनी जास्त शोषतं, त्यामुळे त्याचा मागचा भाग आणि डायफ्रॅमची रेषा फिकी पडते. प्रतवारी ठरवताना हीच मुख्य खूण असते. खालचे स्लायडर पूर्ण वर ढकलून तुम्ही ती रेषा ओढूनताणून दाखवली, तर तीव्र फॅटी लिव्हर मध्यम म्हणून लिहिलं जाईल. उलट बाजूने, वरचे स्लायडर चढलेले असताना निरोगी लिव्हरही चकाकतं. म्हणून लिव्हरची तुलना उजव्या किडनीच्या कॉर्टेक्सशी करा, पण एकाच चित्रात आणि एकाच खोलीवर. लिव्हर तीन सेंटिमीटरवर आणि किडनी दहा सेंटिमीटरवर असेल तर तुम्ही अवयवांची नाही, स्लायडरची तुलना करत आहात. निरोगी लिव्हर किडनीइतकंच किंवा किंचित उजळ असतं. किडनीच आजारी असेल तर हा मापदंडही हलतो, हे विसरू नका.

भरलेल्या मूत्राशयामागे गर्भाशय पाहताना परिस्थिती उलटी असते. लघवीतून जाताना ध्वनी जवळजवळ क्षीणच होत नाही, पण यंत्र मात्र ऊती समजून भरपाई देत राहतं. मागचं सगळं झगझगीत होतं आणि एंडोमेट्रिअमची कड त्या झगमगाटात हरवते. अशा वेळी खालचे स्लायडर खाली आणा. पोट तपासून झाल्यावर तसंच पेल्व्हिसकडे वळणारे डॉक्टर हे हमखास विसरतात. सिस्टच्या मागे दिसणारा उजळपणा मात्र सगळा मारू नका. आतला पदार्थ द्रव आहे याची ती साक्ष आहे. यंत्रावरच्या ऑटो बटणाचाही इथेच विचार करा. ते चित्र समतोल करतं, पण कोणता उजेड-अंधार आजाराचा आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते दाबल्यानंतर स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पाहा.

एवढं झाल्यावर गेन. त्याची मोजपट्टी शरीरातच आहे: निरोगी पेशंटमध्ये पित्त, लघवी आणि मोठ्या शिरांमधलं रक्त काळं दिसलं पाहिजे. गेन इतका खाली आणा की ऊतीचं चित्र विरायला लागेल, मग सावकाश वर न्या. लिव्हरचे बारीक कण भरले आणि हिपॅटिक व्हेनची पोकळी अजून काळी आहे, तिथे थांबा. यापुढे गेलात तर पित्ताशयात नसलेला गाळ दिसू लागेल आणि पायाच्या शिरेत नसलेली गुठळी. मागे राहिलात तर सिस्ट आणि कमी प्रतिध्वनी देणारी घट्ट गाठ यांतला फरक पुसला जाईल. पायाच्या शिरेबद्दल एक ताकीद: ताजी गुठळी जवळजवळ काळी असू शकते. तिथे कोणत्याही गेनवर विसंबू नका, शीर प्रोबने दाबून पूर्ण मिटते का हे पाहा.

गेन वाढवूनही खोलवर काही मिळत नसेल, तर दिसतंय ते ऊती आहे की खरखर, हे ओळखायला सोपी चाचणी आहे. पेशंटला श्वास रोखायला सांगून प्रोब अगदी स्थिर धरा. खऱ्या ऊतीचे कण जागच्या जागी राहतात. खरखर मात्र मुंग्यांसारखी वळवळत राहते. पर्सिस्टन्स जास्त असेल तर ही वळवळ झाकली जाते, म्हणून चाचणीपुरता तो कमी करा. खरखर आहे हे कळलं की गेन सोडा. फ्रीक्वेन्सी कमी करा, दुसरी खिडकी शोधा, प्रोब अवयवाच्या जवळ न्या.

मुतखड्याची शोधाशोध हे या सगळ्या नॉबच्या एकत्रित वापराचं उत्तम उदाहरण आहे. किडनीतला तीन-चार मिलिमीटरचा खडा सभोवतालच्या उजळ चरबीत मिसळून जातो. त्याची ओळख त्याच्या मागच्या सावलीवरून होते, पण ध्वनीचा झोत खड्यापेक्षा रुंद असेल तर कडेने ध्वनी निसटतो आणि सावली पडत नाही. म्हणून फोकस बरोबर खड्याच्या खोलीवर आणा, कारण तिथे झोत सर्वांत अरुंद असतो. शक्य तेवढी फ्रीक्वेन्सी वाढवा. स्पेशियल कंपाउंडिंग बंद करा. अनेक कोनांतून घेतलेली चित्रं मिसळून ते एरवी चित्र मुलायम करतं, पण तसं करताना नेमकी सावलीच पुसतं. हार्मोनिक चालू करा. यात यंत्र पाठवलेल्या फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीचा, ऊतीतच तयार झालेला सिग्नल ऐकतं, त्यामुळे पोटाच्या भिंतीतून येणारा फसवा धुरकटपणा कमी होतो. पित्ताशय आणि सिस्टही याने स्वच्छ दिसतात, मात्र फार खोलवर हा सिग्नल अशक्त पडतो. गेन थोडा उतरवा, नाहीतर सावली खरखरीने भरून जाईल. तरीही शंका उरली तर कलर डॉप्लर लावून स्केल वाढवा. अनेक खड्यांमागे रंगांची लुकलुक दिसते. ती सगळ्याच खड्यांत दिसत नाही, म्हणून नाही दिसली तर खडा नाही असा निष्कर्ष काढू नका.

डायनॅमिक रेंजबद्दल एवढंच, की ती कमी केली तर चित्र कडक काळं-पांढरं होतं आणि रक्तवाहिन्यांच्या कडा उठून दिसतात. लिव्हरमधल्या फिकट गाठी शोधताना मात्र ती वाढवलेली बरी. कमी रेंजचं चित्र दिसायला देखणं असतं, पण मधल्या करड्या छटा, ज्यांत गाठ लपलेली असते, त्याच गळून जातात.

डॉप्लरमध्ये तर सेटिंगच्या चुकीने थेट शस्त्रक्रियेचा निर्णय बदलू शकतो. वृषणाला पीळ पडल्याची शंका घेऊन आलेल्या मुलात रक्तप्रवाह दिसत नाही असं लिहिण्याआधी, दुखत नसलेली बाजू आधी तपासा. तिथला संथ प्रवाह नीट दिसेपर्यंत स्केल खाली आणा, वॉल फिल्टर कमी करा, रंगाची चौकट लहान ठेवा, कलर गेन ठिपके उडू लागेपर्यंत वाढवून मग जरासा उतरवा. आता एकही नॉब न हलवता प्रोब दुखऱ्या बाजूवर न्या. प्रवाहाचा अभाव असाच सिद्ध करता येतो. पण प्रवाह दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, अर्धवट पिळात तो टिकलेला असू शकतो. वेग मोजायचा असेल तेव्हा कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांवर कोन मोजण्यात ५ अंशांची चूक झाली तर वेगात १५ टक्क्यांहून अधिक फरक पडतो, आणि ३० अंशांवर तीच चूक पाच-सहा टक्क्यांत भागते.

आउटपुट पॉवरचा नॉब मी मुद्दाम मागे ठेवला. गेनने फक्त ऐकणं वाढतं, पॉवरने शरीरात जाणारी ऊर्जा वाढते. चित्र सुधारायला तो शेवटचा उपाय असावा, आणि गरोदर स्त्रीची तपासणी असेल तर पडद्यावरच्या टीआय (थर्मल इंडेक्स) आणि एमआय (मेकॅनिकल इंडेक्स) या दोन आकड्यांवर नजर असलीच पाहिजे. टीआय ०.७ च्या खाली ठेवणं जवळजवळ नेहमी शक्य असतं. पहिल्या तिमाहीत गर्भाच्या हृदयाचे ठोके मोजायला एम-मोड वापरा. आई-वडिलांना आवाज ऐकवण्यासाठी पल्स्ड डॉप्लर लावू नका, कितीही विनवणी झाली तरी.

सगळं करूनही चित्रात उभी काळी पट्टी राहत असेल, तर दोष पेशंटमध्ये शोधू नका. प्रोब पुसून हवेत धरा. पृष्ठभागाजवळ आडव्या उजळ रेषा दिसतील. त्या एखाद्या ठिकाणी तुटलेल्या असतील तर तिथले क्रिस्टल निकामी झाले आहेत. प्रोब हातातून पडणं, केबलवरून ट्रॉलीचं चाक जाणं, जेल वाळू देणं, ही त्याची नेहमीची कारणं. ही चाचणी महिन्यातून एकदा करा आणि चित्र तारखेनिशी साठवून ठेवा, म्हणजे सर्व्हिस इंजिनिअरला दाखवायला पुरावा राहतो.

आणि काही वेळा हे सगळं करूनही स्वादुपिंड दिसत नाही, कारण पुढे आतड्यात वायू आहे आणि पेशंटचं वजन ११० किलो आहे. अशा वेळी ‘स्वादुपिंड सामान्य’ असं लिहू नका. स्वादुपिंडाचा कोणता भाग दिसला, कोणता दिसला नाही आणि का दिसला नाही, हे अहवालात स्वच्छ शब्दांत लिहा. पुढची तपासणी कोणती करायची ते पेशंटच्या डॉक्टरला त्यावरूनच ठरवता येतं.